मेंदू, मशीन आणि प्रयोगवहीतली रिकामी जागा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी ‘आमच्या वाटा’ या सत्रात केलेले भाषण)



आपल्या संयोजकांचा फोन आला तेव्हा म्हणाले, “तू काय काम करतेस ते वीस मिनिटांत सांग. आपली मुलं आता दहावी-बारावीला आहेत, त्यांना करिअरच्या दृष्टीने उपयोग होईल.” मी म्हटलं, “न्यूरोएथिक्स.” पलीकडे दोन क्षण शांतता. मग म्हणाले, “कार्यक्रमपत्रिकेत ‘आयटी’ लिहितो.” आणि बघा, तसंच छापलंय. चूक नाही म्हणा. माझ्या ओळखपत्रावर अजूनही सॉफ्टवेअर इंजिनिअर असंच लिहिलेलं आहे.

न्यूरोएथिक्स म्हणजे मेंदूविज्ञानाचं नीतिशास्त्र. मेंदूतले विद्युतसंकेत मोजणारी, मेंदूला बाहेरून संकेत देणारी यंत्रं आज बनतात, विकली जातात, माणसांच्या शरीरात बसवली जातात. ती कुणावर वापरावीत, कुणी वापरावीत, त्यातून निघालेली माहिती कुणाची, यंत्र बंद पडलं तर जबाबदारी कुणाची, हे प्रश्न या विषयात येतात. विषय तसा तरुण आहे. २००२ साली सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या एका परिषदेत त्याची नीट आखणी झाली आणि २००६ साली त्याची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. म्हणजे आपण दहावीला होतो तेव्हा या नावाचं करिअर नव्हतंच. त्यामुळे ‘तू या क्षेत्रात कशी गेलीस’ याला माझ्याकडे ठरवून केलेल्या वाटचालीचं उत्तर नाही. एका चुकीचं उत्तर आहे. पण ती चूक सांगायच्या आधी मला तुम्हाला नववीच्या प्रयोगशाळेत न्यावं लागेल.

साध्या लंबकाचा प्रयोग आठवतो? दोऱ्याला लावलेला गोळा, एक स्टॉपवॉच आणि त्याच्यामागे चाळीस जण. पाच वेगवेगळ्या लांब्या घ्यायच्या आणि प्रत्येकीला वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा. माझ्या गटाच्या तीन लांब्या झाल्या आणि घंटा झाली. उरलेली दोन रीडिंगं मी घरी सूत्र लावून काढली आणि प्रयोगवहीत लिहिली. आलेखाचे पाचही बिंदू छान रेषेवर. दुसऱ्या दिवशी आपल्या विज्ञानाच्या बाईंनी वही बघितली आणि बरोबर शेवटच्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं. “ही मोजलेली नाहीत. फार बरोबर आहेत.” मी गप्प. मग बाई म्हणाल्या, “जे मोजलं नाही ते लिहायचं नाही. जागा रिकामी सोड. रिकाम्या जागेचे मी मार्क कापीन, पण तुला खोटी म्हणणार नाही.”

बाई इथे आहेत. त्यांना हे आठवत नाही, मी सकाळी चहाच्या वेळी विचारलं. मला मात्र पुढे फार महागात आठवलं.

बारावीनंतर मी पुण्याला इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन केलं आणि वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरले. ईसीजी, मग ईईजी. ईईजी म्हणजे डोक्याच्या त्वचेवर सेन्सर लावून मेंदूच्या विद्युतलहरी मोजणं. जर्मनीत हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ साली माणसाचा पहिला ईईजी घेतला आणि १९२९ साली तो प्रसिद्ध केला. म्हणजे तंत्र शंभर वर्षांचं आहे, आणि अपस्मारासारख्या आजारात डॉक्टरांच्या हातात ते अतिशय मोलाचं आहे.

पण त्याची मर्यादाही ऐकून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. हे संकेत अत्यंत क्षीण असतात. साधारण दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा दहा हजारावा भाग किंवा त्याहून कमी. तुम्ही पापणी मिटलीत, दात आवळलेत, कपाळाला आठ्या घातल्यात, तर त्या स्नायूंचा आणि डोळ्यांचा संकेत मेंदूच्या संकेतापेक्षा मोठा येतो. मंगल कार्यालयात सनई-चौघडा चालू असताना कोपऱ्यातल्या आजी काय पुटपुटतायत ते ऐकायचं, असं ते काम. रुग्णालयात यासाठी जेल लावतात, अनेक सेन्सर बसवतात, प्रशिक्षित तंत्रज्ञ समोर असतो. तरीसुद्धा वाचायला तज्ज्ञ डॉक्टर लागतो.

काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या कंपनीत गेले. नाव सांगत नाही. उत्पादन होतं शाळकरी मुलांसाठी डोक्याला लावायचा पट्टा. कपाळावर दोन कोरडे सेन्सर, कानाला एक चिमटा. मुलाचं वर्गात लक्ष किती, याचा शून्य ते शंभर असा आकडा शिक्षकांच्या टॅबवर दिसायचा आणि संध्याकाळी पालकांच्या मोबाइलवर जायचा. तो आकडा काढणारी प्रणाली लिहिणाऱ्या चौघांपैकी मी एक.

अडचण अशी की मुलांची डोकी लहान, पट्टा सैल व्हायचा. घाम, तेल, सतत हलणारी मान. सेन्सर कपाळापासून सुटला की संकेतच नाही. मी पहिल्यांदा लिहिलं होतं ते बरोबर होतं. संकेत नसेल तर चौकोन रिकामा दाखवायचा. पण बैठकीत मुद्दा निघाला, की रिकामा चौकोन दिसला की पालकांना वाटतं मशीन बिघडलंय. काहीतरी आकडा दिसत राहू दे. मग मी सहा-सात ओळी लिहिल्या. संकेत तुटला की शेवटचा आकडा धरायचा आणि तो हळूहळू उतरवत न्यायचा. पडद्यावर फार नैसर्गिक दिसायचं. सगळ्यांना आवडलं.

एका शाळेत चाचणी चालू होती. मी बघायला गेले. सहावीच्या वर्गशिक्षिका अगदी मनापासून शिकवणाऱ्या, आपल्या बाईंसारख्याच. त्यांनी मला टॅबवर एक नाव दाखवलं. “हिचं लक्षच नसतं बघा. आधी कधी जाणवलं नव्हतं, मशीनमुळे कळलं.” त्या मुलीला तिच्या मैत्रिणीपासून उठवून पहिल्या बाकावर एकटीला बसवलं होतं. आईला बोलावून घेतलं होतं. आईने तिचा गाण्याचा क्लास बंद केला होता, अभ्यासाकडे लक्ष लागावं म्हणून.

त्या संध्याकाळी मी तिच्या नोंदी उघडल्या. निम्म्याहून जास्त वेळ तिचा पट्टा कपाळाला टेकलेलाच नव्हता. तिचं लक्ष कमी नव्हतं, तिचं डोकं लहान होतं. तो उतरत जाणारा आकडा तिच्या मेंदूतून आलेलाच नव्हता, तो माझ्या सहा-सात ओळींमधून आला होता. मी पुन्हा एकदा न मोजलेलं रीडिंग लिहिलं होतं, आणि या वेळी दुसऱ्याच्या मुलीच्या नावावर.

इथे मी काहीतरी धाडसी केलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, चूक आहे, पण चाचणीचा अहवाल जाऊ दे, मग दुरुस्त करू. मी सहा आठवडे पाठपुरावा केला, मग दुरुस्ती झाली. शाळेला कळवलं गेलं, ‘सॉफ्टवेअर अपडेट’. त्या आईला कुणीच काही कळवलं नाही. शाळांशी परस्पर संपर्क करायचा नाही, असं माझ्या करारात होतं. मी त्या कराराच्या आड लपले. मला तिची शाळा माहीत होती, वर्ग माहीत होता, जाऊन सांगता आलं असतं. गेले नाही. आज ती मुलगी कॉलेजात असेल. तिला वाटत असेल, की सहावीत आपलं लक्ष नव्हतं.

पुढच्या वर्षी कंपनीचे पैसे संपले. बंद होताना विकायच्या मालमत्तेची एक यादी निघाली. टेबलं, खुर्च्या, लॅपटॉप, आणि त्यातच एक ओळ होती, ‘डेटा’. मुलांच्या मेंदूच्या नोंदी. खुर्च्यांच्या खाली, प्रिंटरच्या वर. पालकांनी सही केलेल्या संमतीपत्रात कंपनी विकली गेली तर काय, याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्या दिवशी मी या विषयाची पुस्तकं शोधायला लागले.

शोधल्यावर कळलं की ही माझ्या एकटीची गोष्ट नाही. चीनमध्ये झेजियांग प्रांतात जिनहुआ इथल्या एका प्राथमिक शाळेत असेच पट्टे मुलांना लावले होते. कपाळावर दिवा, एकाग्र असेल तर लाल, लक्ष उडालं तर निळा. २०१९ साली ती चित्रफीत बाहेर आली, लोकांनी प्रचंड टीका केली आणि स्थानिक शिक्षण विभागाने ते थांबवायला लावलं. मी ते बघताना एकच गोष्ट शोधत होते. संपर्क तुटला तर काय? त्यांच्याकडे त्यासाठी वेगळा पांढरा दिवा होता. ज्या यंत्राला जगाने नावं ठेवली त्यात निदान ‘माहीत नाही’ म्हणायची सोय होती. माझ्यात मी ती काढून टाकली होती.

दुसरी गोष्ट कृत्रिम दृष्टीची. अमेरिकेत सेकंड साइट नावाच्या कंपनीने ‘आर्गस दोन’ हे उपकरण बनवलं. चष्म्यावर कॅमेरा, आणि दृष्टी गेलेल्या माणसाच्या डोळ्यात नेत्रपटलावर साठ इलेक्ट्रोड. त्यातून प्रकाशाचे ठिपके, दाराची चौकट, रस्त्यावरचा पट्टा इतपत जाणवायचं. २०१३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते बसवून घेतलं. २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली, बहुतेक कर्मचारी कमी केले. सुटे भाग नाहीत, दुरुस्ती नाही. डोळ्यात यंत्र आहे आणि एमआरआय काढायचा आहे, तर विचारायचं कुणाला? २०२२ साली ‘आयईईई स्पेक्ट्रम’ या मासिकाने हे सगळं उजेडात आणलं, तोवर ही माणसं आपापल्या घरी एकटीच निस्तरत होती.

तिसरी ऑस्ट्रेलियातली. मेलबर्नच्या चाचणीत अपस्माराच्या पंधरा रुग्णांच्या मेंदूवर झटक्याची आगाऊ सूचना देणारं उपकरण बसवलं होतं. त्यातल्या एका बाईंना ते इतकं लागू पडलं, की बाहेर पडायची भीतीच गेली. मग कंपनीचा पैसा संपला आणि उपकरण काढायचं ठरलं. त्या नको म्हणत होत्या. ते विकत घेण्यासाठी घर गहाण टाकायचीही त्यांची आणि नवऱ्याची तयारी होती. शेवटी काढावंच लागलं. आपल्या मेंदूचा भाग झालेली वस्तू कंपनीची मालमत्ता म्हणून परत घेता येते का, हा प्रश्न आज नीतिशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो.

आता कुणी म्हणेल, ही सगळी परदेशी प्रकरणं. मग आपल्या पुण्याची गोष्ट ऐका. २००८ सालच्या जून महिन्यात पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात निकाल देताना मेंदूच्या चाचणीचा अहवालही विचारात घेतला. आरोपीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची आणि तिच्या मेंदूत त्या अनुभवाची आठवण आहे का ते लहरींवरून सांगायचं, अशी ती पद्धत. जगभरच्या मेंदूतज्ज्ञांनी त्यावर आश्चर्य आणि काळजी व्यक्त केली. मी इंजिनिअर म्हणून एवढंच सांगते, की ‘हे मी केलं’ आणि ‘हे केल्याचा आरोप माझ्यावर गेले कित्येक महिने होतोय’ या दोन्ही गोष्टी मेंदूला ओळखीच्याच वाटणार. त्यांच्यातली रेघ लहरींवरून ओढायची, तर त्यासाठी जो पुरावा हवा तो नव्हता.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात स्पष्ट केलं, की नार्को चाचणी, खोटं पकडणारी पॉलिग्राफ चाचणी आणि मेंदूची ही चाचणी कुणावरही त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणाला भाग पाडता येत नाही, असं घटनेचं कलम २०(३) सांगतं. आपण नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क पाठ केले ते आठवतंय का? ‘मेंदूतलं ते माझं’ ही गोष्ट आपल्या न्यायालयाने त्यातूनच काढली. पुढे चिलीने २०२१ मध्ये मेंदूतल्या माहितीचं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका माजी सिनेटरच्या मेंदूच्या नोंदी कंपनीला पुसून टाकायला लावल्या.

मग मी आता करते काय? दिवसा मी पक्षाघातानंतर हाताची हालचाल परत आणण्यासाठी मदत करणाऱ्या उपकरणाचं सॉफ्टवेअर लिहिते. त्याच कामात माझा अर्धा वेळ ‘काय काय बिघडू शकतं’ याची यादी करण्यात जातो. नुसता वायर तुटण्याचा धोका लिहायचा नाही. आकडा चुकला तर कुणाचं काय होईल, हेही लिहायचं. माझ्या गटात आता एक नियम आहे. संकेत नसेल तर पडद्यावर रिकामं. कुणी कितीही सांगितलं तरी.

शिवाय मी एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीत विषयतज्ज्ञ म्हणून जाते. माणसांवरच्या कोणत्याही औषधाच्या किंवा उपकरणाच्या चाचणीला आधी अशा समितीची परवानगी लागते. २०१९ च्या नियमांप्रमाणे तिच्यात किमान सात सभासद हवेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा, एक कायदेतज्ज्ञ हवा आणि एक वैद्यकाशी संबंध नसलेली सामान्य व्यक्तीही हवी. मला तिथे मत द्यायचा अधिकार नाही, बोलायचा आहे. आमच्याकडे सामान्य व्यक्ती म्हणून जे आहेत ते निवृत्त मराठीचे शिक्षक. सर्वांत अवघड प्रश्न तेच विचारतात.

एकदा मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवून कंप कमी करण्याच्या उपचाराबद्दलचा एक प्रस्ताव होता. छातीत त्वचेखाली बॅटरी, तिथून मेंदूपर्यंत वायर. पार्किन्सनसाठी हा उपचार प्रस्थापित आहे आणि अनेकांचं आयुष्य त्याने सुसह्य झालंय. या प्रस्तावात अभ्यास दोन वर्षांचा होता, सगळा खर्च कंपनीचा. आम्ही तासभर सांख्यिकीवर बोललो. मग सरांनी संमतीपत्राची मराठी प्रत वर केली आणि विचारलं, “इथे लिहिलंय, ‘अभ्यास संपल्यावर’. अभ्यास दोन वर्षांनी संपेल. बॅटरी कधी संपते?” न्यूरोसर्जन म्हणाले, साधारण तीन ते पाच वर्षांनी. सर म्हणाले, “मग पाचव्या वर्षी ती बदलण्याचे पैसे कोण देणार? ज्वारी-सोयाबीनवर घर चालवणारा माणूस?” खोलीत कुणाकडेच उत्तर नव्हतं. प्रस्ताव परत गेला आणि पुढची बॅटरी कोण देणार याचं कलम घालून आला. तेव्हा सरांनी होकार दिला.

मित्रमैत्रिणींनो, न्यूरोएथिक्स म्हणजे बहुतेक वेळा एवढंच असतं. नंतर काय, हे कुणीतरी आधी विचारायचं.

आता मुलांसाठी करिअरचं, कारण त्यासाठीच मला बोलावलंय. पहिलं, ‘न्यूरोएथिसिस्ट पाहिजेत’ अशी जाहिरात आपल्याकडे सहसा दिसणार नाही. या क्षेत्रात लोक कुठून कुठून आलेत. न्यूरॉलॉजी, कायदा, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, माझ्यासारखं इंजिनिअरिंग. आधी एक विषय हाताने पक्का करा. ईईजी कसा बिघडतो हे मला माहीत नसतं, तर माझ्या नीतीच्या गप्पांना कुणी विचारलं नसतं. दुसरं, नीतिशास्त्र रीतसर शिका. मंगळुरूच्या येनेपोया विद्यापीठात जैवनीतिशास्त्राची पदव्युत्तर पदविका आहे. मुंबईहून ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ हे नियतकालिक १९९३ पासून निघतं, ते वाचायला लागा, भाषा सोपी आहे. तिसरं, मराठी सोडू नका. हे मी भावनेपोटी म्हणत नाही. संमतीपत्र मराठीत नीट लिहिता येणारा माणूस मिळणं किती कठीण आहे, ते मला विचारा. ‘आपले न्यूरल संकेत अनामिकीकृत स्वरूपात संग्रहित केले जातील’ असं वाक्य वाचून एका आजोबांनी मला विचारलं होतं, “म्हणजे माझं नाव काढून टाकणार का?” हो आजोबा, नेमकं तेच. मग तसंच लिहा की! चौथं, पगार सॉफ्टवेअरपेक्षा कमी असतो. हे आईवडिलांनी आधी ऐकून ठेवावं.

आणि आता तुमच्यासाठी, कारण तुमच्यातले काही जण शिक्षक आहेत, दोघं शाळा चालवतात, आणि बहुतेक सगळे पालक आहोत. एकाग्रता मोजणारे, स्मरणशक्ती वाढवणारे पट्टे आणि टोप्या तुमच्या दारात येणार आहेत, काहींच्या आल्याही असतील. २०२३ च्या आपल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये जे नियम आले, त्यात शाळांना शैक्षणिक कामासाठी यातून सूट दिली आहे. म्हणजे दार बंद आहे, पण किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलेली आहे. त्याच महिन्यात युनेस्कोने न्यूरोतंत्रज्ञानाच्या नीतीबद्दल जागतिक शिफारस स्वीकारली. तिच्यात म्हटलंय, की मुलांचे मेंदू अजून घडत असतात, त्यांच्यावर उपचाराखेरीज इतर कारणासाठी हे वापरू नये. ती शिफारस आहे, बंधन नाही. बंधन आपणच घालायचं आहे.

तेव्हा विक्रेता आला की चारच प्रश्न विचारा. हा आकडा नेमकं काय मोजतो? संकेत मिळाला नाही तर पडद्यावर काय दिसतं? नोंदी कुठे राहतात आणि तुमची कंपनी बंद पडली तर त्यांचं काय होतं? आणि मुलाने ‘मला हे घालायचं नाही’ म्हटलं, तर त्याचं काही नुकसान होणार का? चारपैकी एकाचंही उत्तर गोलमोल आलं, तर चहा पाजा आणि पाठवून द्या.

शेवटी एक. आपल्या वर्गाच्या खिडकीतून चिंचेचं झाड दिसायचं. गणिताच्या तासाला मी त्याच्याकडे किती बघितलंय याचा हिशेब नाही. सरांना ते दिसायचं. कधी खडू फेकायचे, कधी नाव घेऊन उभं करायचे, आणि कधी, आज मला वाटतं मुद्दामच, बघू द्यायचे. कोणत्या दिवशी काय करायचं हे त्यांना कळायचं, कारण माझ्या घरी त्या वर्षी काय चाललं होतं ते त्यांना माहीत होतं. माझ्या डोक्याला पट्टा असता तर त्याने आकडा दिला असता, आणि तो आकडा घरी गेला असता. त्या वर्षी माझ्या घराला तो पेलला नसता.

सर, तुम्ही बघू दिलंत त्याबद्दल आभार. बाई, ती दोन रीडिंगं मी खरंच मोजली नव्हती. त्या दिवशी मी कबूल केलं नव्हतं, आज सगळ्यांसमोर करते. मार्क कापा.